गाडी कमी चालते, मग इंजिन ऑइल कधी बदलायचं?

नाशिकमध्ये इंदिरानगर घ्या, गोविंदनगर घ्या नाहीतर गंगापूर रोडची कुठलीही सोसायटी, पार्किंगमध्ये दोन-चार गाड्या अशा असतातच की ज्या वर्षाला दोन-अडीच हजार किलोमीटरच्या वर जात नाहीत. मुलं पुण्याला नाहीतर परदेशात, घरी आई-बाबा दोघंच, गाडी व्यवस्थित आहे, कव्हर घातलेलं आहे, आणि ती निघते ती भाजीला, बँकेत, दवाखान्यात, फार तर लग्नाला. मग एक दिवस सर्व्हिस सेंटरचा फोन येतो की काका वर्ष झालं, ऑइल बदलून घ्या. आणि काकांचा प्रश्न अगदी रास्त असतो, की अरे दहा हजाराला ऑइल बदलायचं असं तुम्हीच सांगितलं होतं, माझी गाडी तर दोन हजारच चालली, अजून आठ हजार बाकी आहेत ना?

यावर दोन टोकाची उत्तरं मिळतात. कोणी म्हणतं कंपनीवाले लुटतात, ऑइल काय उभ्या गाडीत खराब होतंय का, किलोमीटर पूर्ण झाल्याशिवाय हात लावू नका. आणि कोणी ओळखीचा गॅरेजवाला म्हणतो दर तीन महिन्यांनी बदला, उभ्या गाडीचं ऑइल लवकर मरतं. मला दोन्ही उत्तरं पटत नाहीत, कारण दोघंही फक्त गाडी किती चालली एवढंच बघतात, कशी चालली हे कोणी विचारतच नाही. खरा फरक तिथे आहे.

आधी थोडक्यात उत्तर देतो, म्हणजे ज्यांना पुढचं वाचायला वेळ नाही त्यांचं काम होईल. किलोमीटर कितीही कमी असू देत, वर्षातून एकदा ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला. गाडी फक्त दोन-तीन किलोमीटरच्या छोट्या फेऱ्याच मारत असेल तर सहा महिन्यांनी बदला. आणि गाडी कमी चालत असली पण जेव्हा निघते तेव्हा लांब जात असेल, म्हणजे महिन्यातून दोनदा त्र्यंबक, वणी, सिन्नर असं काहीतरी, तर वर्षाचा हिशोब पुरेसा आहे, त्याच्या आधी बदलून पैसे घालवू नका. आता का ते सांगतो.

ऑइलचा डबा आपण विकत घेतो त्यात नुसतं तेल नसतं. मूळ तेल असतं आणि त्यात बरीच केमिकल्स मिसळलेली असतात ज्यांना अॅडिटिव्ह म्हणतात. काही काजळी आणि घाण धरून ठेवतात म्हणजे ती इंजिनच्या आत कुठे चिकटून बसत नाही, काही धातूवर पातळ थर धरतात म्हणजे ऑइलची फिल्म तुटली तरी लोखंडाला लोखंड घासत नाही, काही गंज लागू देत नाहीत, काही तेलाला हवेतल्या ऑक्सिजनपासून वाचवतात, आणि काही आम्ल मारतात. ही आम्ल मारणारी केमिकल्स वापरता वापरता संपत जातात आणि एकदा संपली की तेल दिसायला तेलच राहतं पण त्याचं संरक्षण गेलेलं असतं. म्हणजे ऑइल खराब होणं म्हणजे तेल आटणं नाही, त्यातली ही केमिकल्स खर्च होणं आणि त्यात नको त्या गोष्टी मिसळणं.

आणि नको त्या गोष्टी म्हणजे कुठल्या, तर कमी चालणाऱ्या गाडीच्या बाबतीत पहिलं नाव पाण्याचं.

हे ऐकून खूप जणांना आश्चर्य वाटतं की इंजिनमध्ये पाणी कुठून आलं, पण पेट्रोल जळलं की त्यातून पाणी तयार होतंच. साधारण एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. जानेवारीत सकाळी गाडी सुरू केली की सायलेन्सरमधून थेंब थेंब पाणी पडताना तुम्ही बघितलंच असेल, ते हेच पाणी. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून बाहेर जाते पण थोडासा वायू पिस्टन रिंगच्या फटीतून खाली ऑइलच्या चेंबरकडे निसटतो, हे नव्या इंजिनमध्ये पण होतं, रिंग कितीही चांगल्या असल्या तरी. इंजिन गरम असेल तर ही वाफ वाफच राहते आणि पीसीव्ही नावाच्या एका व्हॉल्व्हमधून परत ओढली जाऊन सिलेंडरमध्ये जळून जाते. पण इंजिन थंड असेल तर ती आतल्या थंड लोखंडाला लागून पाणी होते आणि ऑइलमध्ये उतरते. भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवल्यावर झाकणाच्या आतून पाणी जमतं ना, अगदी तसंच.

आता हे पाणी परत उडवून लावायचा एकच उपाय आहे, ऑइल नीट तापलं पाहिजे आणि काही वेळ तापलेलं राहिलं पाहिजे. व्यवस्थित चालणाऱ्या इंजिनमध्ये ऑइल साधारण ९० ते ११० अंशापर्यंत जातं आणि त्या तापमानाला पाणी आपोआप निघून जातं. पण गंमत अशी आहे की डॅशबोर्डवरचा टेम्परेचरचा काटा ऑइलचं तापमान दाखवतच नाही, तो कूलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं दाखवतो. कूलंट पाच-सात मिनिटांत गरम होतं, काटा मध्यावर येतो, आपल्याला वाटतं इंजिन तापलं. ऑइलला त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. म्हणजे गोविंदनगरहून मुंबई नाक्यापर्यंत जाऊन दूध-ब्रेड घेऊन परत आलात तर तुमचं ऑइल एकदाही पूर्ण तापलं नाही. पाणी मात्र जमा झालं. दुसऱ्या दिवशी परत तेच. आठवड्याने परत तेच.

दुसरी गोष्ट म्हणजे पेट्रोल. इंजिन थंड असताना ईसीएम, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, मुद्दाम जास्त पेट्रोल सोडतो, कारण थंड सिलेंडरमध्ये सगळं पेट्रोल नीट वाफ होत नाही, काही भिंतीवर ओलंच राहतं आणि रिंगवरून घसरून ऑइलमध्ये जातं. याने ऑइल पातळ होतं. ५डब्ल्यू-३० (हा ऑइलच्या जाडीचा ग्रेड) टाकलंय असं आपण समजतो पण आत जे फिरतंय ते त्याच्यापेक्षा पातळ झालेलं असतं, आणि बेअरिंगवर जी ऑइलची फिल्म टिकायला हवी ती तेवढी जाड टिकत नाही. लांब गाडी चालवली की हे पेट्रोल पण बऱ्यापैकी उडून जातं. छोट्या फेऱ्यांत नाही. ज्या गाड्यांत पेट्रोल थेट सिलेंडरमध्ये मारलं जातं, म्हणजे ज्यांच्या मागे जीडीआय किंवा टीएसआय असं लिहिलेलं असतं त्या टर्बो गाड्या, त्यांच्यात हा प्रकार साध्या इंजिनपेक्षा जास्त होतो. तेव्हा अशी गाडी घेऊन ती फक्त कॉलनीत फिरवणाऱ्यांनी सहा महिन्यांचा नियम जास्त मनावर घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

पाणी, न जळलेलं इंधन आणि जळताना तयार झालेले नायट्रोजनचे ऑक्साइड हे सगळं एकत्र आलं की आम्ल तयार होतं, आणि ते आम्ल मारता मारता ती मगाशी सांगितलेली केमिकल्स संपत जातात. पुढे काजळी आणि पाणी मिळून चिकट काळा गाळ होतो ज्याला स्लज म्हणतात, तो ऑइल पंपाच्या जाळीवर बसला की वरच्या भागांना ऑइल कमी पोचायला लागतं, मग टॅपेटचा आवाज, आणि पुढे हाफ इंजिनचं काम, म्हणजे इंजिन खोलून करायची मोठी दुरुस्ती. हे सगळं एका वर्षात होत नाही, घाबरून जाऊ नका, पण चार-पाच वर्षं ऑइल न बदलता फक्त छोट्या फेऱ्या मारलेल्या गाडीचं इंजिन उघडलं की आत काय निघतं हे कुठल्याही जुन्या फिटरला विचारा. मीटरवर २० हजार किलोमीटर आणि आत डांबर.

म्हणून कमी चालणाऱ्या गाड्या एकाच प्रकारच्या नसतात हे लक्षात घ्या, माझ्या मते या सगळ्या विषयात हाच मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. एक गाडी अशी जी महिनाभर उभी असते आणि मग थेट मुंबईला जाऊन येते. वर्षाला समजा तीन हजार किलोमीटर. या गाडीचं ऑइल वर्षाच्या शेवटी बऱ्याच वेळा चांगल्या अवस्थेत असतं, कारण जेव्हा चालली तेव्हा ऑइल पूर्ण तापलं, पाणी उडालं, पेट्रोल उडालं. दुसरी गाडी रोज निघते पण दीड किलोमीटर जाते आणि दीड किलोमीटर परत येते, रोजचे दोन कोल्ड स्टार्ट म्हणजे थंड इंजिन सुरू करणं, वर्षाला हजारभर किलोमीटर. कागदावर दुसरी गाडी कमी चालली, पण ऑइलची वाट दुसऱ्या गाडीत लागलेली असते. आणि तिसरी गाडी जी सुरूच केली नाही, नुसती उभी आहे, तिच्या ऑइलचं नुसतं उभं राहून फारसं बिघडत नाही, कारण सामान्य तापमानाला ऑइल हवेने खराब व्हायची क्रिया फार हळू असते. सीलबंद डबा तर साधारण पाच वर्षांपर्यंत चांगला राहतो असं बऱ्याच ऑइल कंपन्या सांगतात, डब्यावर तारीख असते ती बघायची. पण इंजिनमधलं ऑइल सीलबंद नसतं आणि त्यात आधीचं आम्ल, आधीचं पाणी असतं, ते बेअरिंगच्या अंगाला लागून महिनोन्महिने बसून राहतं. म्हणून गाडी लांब काळासाठी उभी करायची असेल तर ऑइल उभी करायच्या आधी बदलायचं. बरेच जण उलटं करतात, म्हणतात आता सहा महिने चालवायचीच नाही तर आल्यावर बदलू. नाही. जुनं, घाण ऑइल आत ठेवून उभी करू नका.

मग कंपनी सरसकट वर्ष का म्हणते? मारुती, ह्युंडाई, टोयोटा यांच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये १० हजार किलोमीटर किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते, असं असतं. टाटाच्या बऱ्याच गाड्यांना १५ हजार किंवा १ वर्ष. म्हणजे किलोमीटर वेगवेगळे, वर्ष मात्र तेच. कारण कंपनीला माहीत नसतं तुम्ही तीन गाड्यांपैकी कोण आहात, तर ती सगळ्यांना चालेल असा आकडा देते. यात लुटालूट नाहीये. आणि 'जे आधी होईल ते' हे चार शब्द आपण वाचतच नाही, फक्त दहा हजार लक्षात राहतं. गाडी वॉरंटीत असेल तर विषयच संपला, वर्षाची सर्व्हिस चुकवली आणि उद्या इंजिनचं काही निघालं तर क्लेम नाकारायला त्यांना कारण मिळतं, तेव्हा वॉरंटी आहे तोपर्यंत तारखेला बदला आणि बिल जपून ठेवा.

त्याच मॅन्युअलमध्ये थोडं पुढे गेलं की अजून एक तक्ता असतो, सिव्हिअर कंडिशन नावाचा. तो उघडून बघाच. त्यात धुळीचे रस्ते, डोंगराळ भाग, ओझं ओढणं यांच्याबरोबर वारंवार छोट्या अंतराच्या फेऱ्या आणि जास्त वेळ इंजिन नुसतं चालू ठेवणं हे पण लिहिलेलं असतं, आणि त्यासाठी बऱ्याच गाड्यांत अंतर आणि वेळ निम्म्यावर आणलेली असते. म्हणजे आपल्याला वाटतं सिव्हिअर म्हणजे कसारा घाट रोज चढणारी गाडी, पण कंपनीच्या हिशोबाने पवननगरच्या भाजी बाजारात जाऊन येणारी काकूंची गाडी पण सिव्हिअरमध्येच बसते. सहा महिन्यांचा आकडा मी मनाने काढलेला नाही, तो इथून येतो.

तीन महिन्यांचा सल्ला मात्र जुन्या काळातला आहे. तेव्हा तो बरोबर होता हेही खरं, कारण कार्ब्युरेटरच्या गाड्या थंडीत भरपूर पेट्रोल ओतायच्या, चोक ओढून चालवायच्या, ऑइल साधं मिनरल असायचं, आणि इंधनात सल्फर खूप होतं. बीएस-२ (प्रदूषणाचा जुना सरकारी नियम) च्या वेळी ५०० पीपीएमपर्यंत, म्हणजे दहा लाख भागांत ५०० भाग सल्फर चालायचं, १ एप्रिल २०२० पासून जे बीएस-६ इंधन आलं त्यात फक्त १० पीपीएम आहे. सल्फर जळून जे आम्ल व्हायचं ते आता फार कमी झालं. ऑइल पण सुधारलं. तेव्हा पद्मिनी आणि मारुती ८०० वर हात बसलेला माणूस अजून तीन महिने म्हणत असेल तर त्याचा अनुभव खोटा नाही, पण आजच्या गाडीला ते लागत नाही.

आता सिंथेटिकचा प्रश्न. लोक म्हणतात मी महागातलं फुल सिंथेटिक टाकलंय, दोन वर्षं बघायला नको. सिंथेटिक चांगलंच असतं, उष्णता जास्त सहन करतं, थंड इंजिनमध्ये पटकन वर पोचतं, लवकर जाड होत नाही. पण त्यात पडलेलं पाणी आणि पेट्रोल काही किंमत बघून पडत नाही. छोट्या फेऱ्यांत ऑइल उष्णतेने खराब होत नाहीये, ते गार राहून खराब होतंय, आणि तिथे सिंथेटिकचा मोठा फायदा उपयोगी पडत नाही. मॅन्युअलमध्ये जो ग्रेड आहे तो टाका आणि वर्षाला बदला, हे दोन वर्षं महागडं ऑइल ठेवण्यापेक्षा कधीही चांगलं. ग्रेडबद्दल अजून एक, कोणी सांगेल की नाशिकला थंडी असते, निफाडला पारा पाच-सहा अंशावर जातो, म्हणून ०डब्ल्यूच, म्हणजे थंडीत जास्त पातळ राहणारं ऑइलच पाहिजे. तेवढ्या थंडीत १५डब्ल्यू-४० पण वाहतं, तेव्हा थंडीसाठी म्हणून ग्रेड बदलायची गरज नाही. पण तुमच्या इंजिनला कंपनीने ०डब्ल्यू-२० सांगितलं असेल तर तेच टाका, ते इंजिन त्या जाडीसाठी बनवलेलं असतं.

डिझेलवाल्यांनी हा भाग नीट वाचा कारण कमी चालवायला सगळ्यात वाईट गाडी कुठली असेल तर बीएस-६ डिझेल. यात डीपीएफ असतो, काजळी धरणारा फिल्टर. तो भरला की इंजिन स्वतःच जास्तीचं डिझेल उशिरा मारून एक्झॉस्ट तापवतं आणि काजळी जाळतं, त्याला रिजनरेशन म्हणतात, आणि त्यासाठी साधारण साडेपाचशे-सहाशे अंश तापमान लागतं, म्हणजे गाडी काही वेळ सलग चालती पाहिजे. ते चालू झालं आणि तेवढ्यात तुम्ही कॉलेज रोडला पोचून गाडी बंद केली तर ते अर्धवट राहतं, परत पुढच्या वेळी सुरू होतं, परत अर्धवट. दर वेळी मारलेल्या जास्तीच्या डिझेलमधलं थोडं सिलेंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. मग डिपस्टिकवर, म्हणजे ऑइलची लेव्हल बघायच्या पट्टीवर, एक विचित्र गोष्ट दिसते, ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं असतं. काही जण खूश होतात की बघा गाडी ऑइल खात नाही. ऑइल वाढलंय म्हणजे त्यात डिझेल आलंय, आणि कमाल खुणेच्या वर गेलं असेल तर गाडी तशीच चालवत राहू नका, ऑइल बदला. आणि डीपीएफच्या गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं, मॅन्युअलमध्ये सी२ किंवा सी३ असं लिहिलेलं असतं, बाहेरच्या गॅरेजमध्ये साधं डिझेल ऑइल टाकू देऊ नका कारण त्याची राख फिल्टरमध्ये साठते आणि ती जळत नाही.

सीएनजीवाल्यांचं वेगळं आहे. गॅस ऑइलमध्ये विरघळून त्याला पातळ करत नाही आणि काजळी फार होत नाही, म्हणून ऑइल वर्षभर सोन्यासारखं पिवळं दिसतं, पण सीएनजी जळल्यावर पाणी पेट्रोलपेक्षाही जास्त तयार होतं, एक किलोमागे सव्वादोन किलोच्या आसपास. तेव्हा छोट्या फेऱ्यांच्या सीएनजी गाडीचं ऑइल रंग बघून चांगलं ठरवू नका.

रंगाचं म्हणाल तर तो कोणाच्याच कामाचा नाही. डिझेलचं ऑइल बदलल्यावर काहीशे किलोमीटरमध्येच काळं होतं आणि ते चांगलं लक्षण आहे, काजळी धरायचं काम ते करतंय. बोटावर घेऊन चोळून बघणारे पण असतात, त्याने पण काही कळत नाही. घरी बघण्यासारख्या गोष्टी तीनच, आणि त्या खरंच बघाव्यात. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं झाल्यावर डिपस्टिक काढा, पुसा, परत घाला, मग बघा, लेव्हल दोन खुणांच्या मध्ये पाहिजे. मग डिपस्टिकचा वास घ्या, पेट्रोल-डिझेलचा स्पष्ट वास येत असेल तर ऑइल बदलायची वेळ आलीय. आणि वरचं ऑइल भरायचं झाकण उघडून आतून बघा. तिथे पांढरट-पिवळट फेस, सायीसारखा, जमलेला असेल तर पाणी उडत नाहीये. पावसाळ्यात आणि थंडीत छोट्या फेऱ्यांच्या गाडीला हे सर्रास दिसतं, एकदा लांब चालवून आलं की बहुतेक वेळा जातं. पण हाच फेस डिपस्टिकवर पण असेल, ऑइल दुधाळ दिसत असेल, आणि कूलंटची टाकी पण सारखी कमी होत असेल तर हा हेड गॅस्केटचा (इंजिनच्या वरच्या-खालच्या भागांमधलं सील) विषय असू शकतो, तेव्हा गाडी चालवू नका, मेकॅनिकला घरी बोलवा.

आता एक सवय जी मला मनापासून थांबवावीशी वाटते. रोज सकाळी नाहीतर दर दोन दिवसांनी खाली जाऊन गाडी जागेवरच सुरू करायची, पाच मिनिटं ठेवायची आणि बंद करायची, बॅटरी उतरू नये म्हणून. लॉकडाऊनमध्ये २०२० ला ही सवय घराघरात लागली आणि खूप वयस्कर मंडळी अजून प्रेमाने, काळजीने हे करतात. पण वर सांगितलेलं सगळं बघितलं तर ऑइलसाठी याच्याइतकं वाईट काही नाही. थंड इंजिन, जास्तीचं पेट्रोल, पाणी तयार, आणि ऑइल तापायच्या आत बंद. बॅटरीला पण जागेवर पाच मिनिटांत फार काही मिळत नाही. त्याच्यापेक्षा दोन आठवड्यांतून एकदा अर्धा-पाऊण तास खरंच चालवा. त्र्यंबक एका बाजूने तीसेक किलोमीटर, जाऊन येऊन ऑइल मस्त तापतं. नसेल जमत तर ओझरपर्यंत हायवेने जाऊन या, गंगापूर धरणाकडे चक्कर मारा. टायर, ब्रेक, एसी सगळ्याला हालचाल मिळते. आणि बाबांना आता चालवणं होत नसेल, चालवणारं कोणीच नसेल, तर सरळ बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा आणि गाडी शांत उभी राहू द्या. सुरू करून बंद करण्यापेक्षा न सुरू करणं बरं.

उभी करायची असेल तर जाता जाता तीन-चार गोष्टी. ऑइल आधी बदला, ते मी सांगितलं. टाकी बऱ्यापैकी भरलेली ठेवा, आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढतं, रिकाम्या टाकीत हवा जास्त. टायरमध्ये हवा पूर्ण. हँडब्रेक ओढून महिनोन्महिने ठेवू नका, गिअरमध्ये ठेवून चाकाखाली लाकडी ठोकळा लावा. आणि बोनेटखाली उंदीर, हा आपल्याकडचा फार मोठा विषय आहे, अधूनमधून उघडून बघत राहा. ब्रेक ऑइल पण किलोमीटरवर नाही तर वेळेवर बदलायचं असतं, बऱ्याच गाड्यांना दोन वर्षं, कारण ते ओल शोषतं.

खर्चाचं बोलू. छोट्या हॅचबॅकला तीन-साडेतीन लिटर ऑइल लागतं, फिल्टर आणि ड्रेन बोल्टचं वायसर धरून सगळं मिळून दोन-तीन हजारांच्या आसपास जातं, गाडी आणि ऑइलप्रमाणे कमीजास्त. फिल्टर वाचवू नका, जुन्या फिल्टरमध्ये जुनं ऑइल तसंच राहतं आणि नव्यात मिसळतं. पण 'इंजिन फ्लश', 'अॅडिटिव्हची बाटली', 'इंजिन कोटिंग' असं काही बिलात घालत असतील तर कमी चालणाऱ्या गाडीला त्याची काही गरज नाही, नको म्हणून सांगा, त्या पैशात पुढचं ऑइल होतं. बदलताना इंजिन थोडं गरम असावं, गाडी चालवतच गॅरेजला न्या आणि लगेच काढायला सांगा, म्हणजे गाळ ऑइलबरोबर बाहेर येतो. डबा समोर उघडायला लावा, सील बघा, ग्रेड बघा. रिकामा डबा तसाच सोडू नका, झाकण तोडा नाहीतर डब्याला भोक पाडा, कारण त्याच डब्यात नकली ऑइल भरून परत विकलं जातं.

गॅरेजवाले बोनेटच्या आत जो टॅग लावतात त्यावर पुढच्या ऑइलचे किलोमीटर लिहिलेले असतात, तारीख बहुतेक वेळा कोरी असते. कमी चालणाऱ्या गाडीला तारीखच महत्त्वाची, ती स्वतः मार्करने लिहा. मुलं बाहेर असतील तर त्यांनी आपल्या मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये आई-बाबांच्या गाडीची तारीख टाकून ठेवावी, आणि फोनवर विचारताना गाडी सुरू करता का असं न विचारता शेवटची लांब कधी नेली होती असं विचारावं, त्यातून सगळं कळतं.

आणि जुनं काढलेलं ऑइल. घरी स्वतः बदलणारे हौशी लोक आहेत, चांगलं आहे, पण ते जळकं ऑइल गटारात ओतू नका. सातपूर, सिडको, इंदिरानगरच्या नाल्यांचं पाणी नासर्डीत जातं आणि नासर्डी गोदावरीला मिळते. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं ऑइल स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि १ एप्रिल २०२४ पासून तर ऑइल बनवणाऱ्या कंपन्यांवरच वापरलेलं ऑइल पुनर्प्रक्रियेला पोचवायची जबाबदारी टाकलीय. लाकडाला वाळवी लागू नये म्हणून ते लावायची पद्धत गावाकडे आहे, पण त्यात धातूचे कण आणि घातक केमिकल्स असतात, अंगणात, गोठ्यात, विहिरीजवळ नकोच. नवीन ऑइलच्या रिकाम्या कॅनमध्येच ते भरा, झाकण घट्ट लावा आणि तुमच्या सर्व्हिस सेंटरला नेऊन द्या, त्यांच्याकडे त्याचा ड्रम असतो आणि अधिकृत रिसायकलरची गाडी तो घेऊन जाते. कॅन देताना त्यात पाणी, कूलंट, ब्रेक ऑइल असलं काही मिसळलेलं नसावं, एवढं बघा, कारण मिसळलेलं ऑइल परत शुद्ध करणं खूप अवघड जातं.